गारठलेला पक्षी

आयुष्यात एकदा तरी धीर धरून बघायचा असं घाईबाईने ठरवलं, आणि त्यासाठी नेमका चुकीचा दिवस निवडला.

घाईबाई हे नाव आईने ठेवलेलं. चहाने तोंड भाजून घेणारी, बूट चढवता चढवता जिना उतरणारी, गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणारी मुलगी, म्हणून ते चिकटलं आणि मामाने ते गल्लीभर केलं. आईचं काम पाट्या रंगवण्याचं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळेच्या बसच्या. पाटीच्या कामात अर्धा वेळ वाट बघण्यात जातो, कारण एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. अशा बाईच्या पोटी अशी मुलगी यावी ही कमालच. "वाळू दे गं घाईबाई, वाळू दे," हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की वर्गात बाईंनी फळा पुसला तरी तिच्या कानात तेच वाजायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आई एका औषधाच्या दुकानासमोर शिडीवरून उतरली, उजवा हात झटकला, "मुंग्या आल्यात" म्हणाली, आणि तिचं तोंड एका बाजूला ओघळलं. दवाखान्यातून परत आली तेव्हा तोंड जागेवर होतं, चालणंही बऱ्यापैकी आलं होतं. हात मात्र आला नाही. म्हणजे होता, पण सतत थरथरायचा. तिने कप उचलला की कप आणि बशी आपापसात कुजबुजायला लागायचे. तेव्हापासून आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. स्वयंपाकघरामागे तिची कामाची खोली होती, तिचं दारही तिने उघडलं नाही. घरात दोघीच, त्यामुळे ते बंद दार घाईबाईला दिवसातून दहादा दिसायचं.

आणि या आठवड्यात आईने मामाला फोन केला. "शनिवारी खोकी घेऊन ये. रंग, ब्रश, स्टेन्सिली, सगळं ने. कुणाला हवं त्याला दे. मला ते घरात नको."

घाईबाई तेव्हा गॅसपाशी दूध बघत होती. दूध उतू गेलं. खोली रिकामी झाली की आई त्या खुर्चीतून परत उठणार नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला पोटात कळलं, जसं जिन्याची शेवटची पायरी चुकल्यावर कळतं तसं.

मग तिने एक काम केलं. शाळा सुटल्यावर ती तडक नगर सभागृहात गेली. तिथे दालनात दरवर्षी नाताळचं मोठं झाड उभं राहायचं आणि त्यावर आईच्या हातच्या चकत्या लटकायच्या. पातळ प्लायच्या, गडद निळ्या रंगवलेल्या, त्यावर चंदेरी-सोनेरी चमकीचे तारे, घंटा, पानं आणि पक्षी. व्यवस्थापक चष्मा पुसत म्हणाले, "यंदा आम्ही बाजारातलेच गोळे लावणार आहोत. तुमच्या आईंची तब्येत..."

"तब्येत उत्तम आहे," घाईबाई म्हणाली. "काम सुरूसुद्धा झालंय. शनिवारी आणून देते."

एरवी ती अशी बोलणारी नव्हती. वर्गात नाव पुकारलं तरी शेजारणीकडे बघायची. पण या वर्षात डॉक्टरांशी, गॅसवाल्याशी, वीज कापायला आलेल्या माणसाशी तिलाच बोलावं लागलं होतं आणि त्यात तिला कधीतरी तोंड फुटलं. एकदा फुटल्यावर ते मिटायचं नाव घेईना. घरी येईपर्यंत तिला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. बेत सोपा होता. चकत्या झाडावर लागतील, ती आईला हाताला धरून दाखवायला नेईल, आई आपला पक्षी बघेल आणि मामाची खोकी रिकामी परत जातील.

तो पक्षी म्हणजे आईच्या सगळ्या स्टेन्सिलींमध्ये राणी. आई स्टेन्सिली जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापायची. एका दवाखान्याची पाटी रंगवल्यावर तिथल्या बाईंनी तिला टाकाऊ फिल्मचा गठ्ठा दिला होता. त्यामुळे खोलीच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला कुणाच्या तरी बरगड्या टांगलेल्या आणि त्या बरगड्यांत तारा कापलेला, कुणाच्या गुडघ्यात घंटा. मधल्या खिळ्यावर पक्षी होता. मान मागे वळवलेला, पंखांची पिसं सुटी सुटी, आणि दोन पिसांच्या मधे फिल्मची केसासारखी पट्टी राखलेली. या पट्ट्यांना आई पूल म्हणायची. पूल तुटला की आतला तुकडा गळून पडतो आणि स्टेन्सिल संपते. तो पक्षी कापताना आई श्वास रोखून बसली होती आणि लहानग्या घाईबाईला तिने शेजारणीकडे पाठवून दिलं होतं, टेबल हलायला नको म्हणून.

दुपारी आईचा डोळा लागला की घाईबाई चोरपावलांनी मागच्या खोलीत जायची. टेबलाखालच्या पोत्यात आईने आधीच कापून ठेवलेल्या चकत्या होत्या. त्या निळ्या रंगवून वाळवून झाल्या. गुरुवारी तिने एकेका चकतीवर एकेक स्टेन्सिल ठेवली, स्पंजाने पांढरा गम लावला, वरून चमकी भुरभुरली. खोली अशी झगमगली की तिला हसूच आलं. बोटं शिवशिवत होती. आत्ता, आत्ता उचलून बघावं.

आणि नेमकं तेव्हा कानात वाजलं. वाळू दे गं घाईबाई.

तिने हात मागे घेतले. एवढंच नाही, फिल्म हलू नये म्हणून प्रत्येकीच्या कडांवर शाळेची पुस्तकं ठेवली. पक्ष्याच्या वाट्याला भूगोल आला, कारण तो सगळ्यात जाड. मग दार लावून ती बाहेर आली, रात्रभर तिने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि शुक्रवारी शाळेत दिवसभर ती स्वतःवर खूश होती. एवढा धीर तिने जन्मात धरला नव्हता.

शुक्रवारी दुपारी तिने पहिली फिल्म उचलली. तारा फिल्मबरोबर उठून आला. सगळाच्या सगळा, दुधावरची साय यावी तसा. चकतीवर उरली नुसती गमाची बुरशी.

घंटा अर्धी आली. पानं आली ती उंदराने कुरतडल्यासारखी. चौथी, पाचवी, कुठलीच नीट सुटेना. गम फिल्मखाली शिरून, वाळून, दगड झाला होता. पक्ष्यापाशी येईपर्यंत घाईबाईचे तळवे घामाने निसरडे झाले होते. तिने कटरचं पातं कडेखाली सरकवलं, हळूच, अगदी आई करेल तसं, आणि वर उचललं.

कट्.

फार छोटा आवाज होता, बिस्किट मोडल्यासारखा. फिल्म जुनी होती, कडक झाली होती. मान आणि पंख यांच्यातला पूल गेला. पाठोपाठ पिसांचे पूल गेले. पक्ष्याचं डोकं चकतीला चिकटून राहिलं आणि बाकी सगळं तिच्या हातात आलं.

पुढचा बराच वेळ तिने काय काय केलं हे सांगण्यात अर्थ नाही, पण तिने सगळं केलं. चिकटपट्टी लावली, ती पुलांपेक्षा जाड होती. कोमट पाण्यात भिजवून डोकं सोडवलं, ते वळकटी होऊन बसलं. जाड कागदावर स्वतः नवा पक्षी कापला, तो चपलेसारखा दिसत होता. शेवटी बाकीच्या फिल्म खिळ्यांवर परत टांगून ती टेबलाखाली, चकत्यांच्या पोत्याला टेकून बसली. तारे, घंटा कुणीही कापेल. तो पक्षी आईच्या चांगल्या हाताने कापलेला होता आणि तो हात आता जगात कुठेच नव्हता. मामाने खोकी भरली असती तरी पक्षी कुठेतरी राहिला असता, कुणाच्या तरी भिंतीवर. तिने तर त्याची मानच मोडली. पलीकडून आईने हाक मारली, "झोपलीस का गं?" आणि घाईबाईच्या तोंडातून, त्या नव्याने फुटलेल्या तोंडातून, आवाजच निघेना.

शनिवारी सकाळी मामा आला. मामा बस चालवायचा, त्यामुळे त्याला समोर बघत मागच्याशी बोलायची सवय होती. खोक्यांचा डोंगर छातीशी धरून तो थेट मागच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "वाटेतून बाजूला व्हा, दार सोडून उभे राहा." मग खोकी खाली ठेवली आणि बघितलं.

टेबलावर, जमिनीवर, खिडकीत चमकी. घाईबाईच्या भुवयांतसुद्धा चमकी.

"हे काय गं? खाण लागली का सोन्याची?"

"मामा, दार लाव आधी."

"ताईला माहितीये?"

"नाही. मामा, आज नको नेऊस काही. पुढच्या आठवड्यात ने. बस बंद पडली म्हण."

"बस तिला खिडकीतून दिसतेय. ताईने आज सांगितलंय."

"ताईने सांगितलं तर विहिरीत उडी मारशील?"

"मारायचो लहानपणी. तीच ढकलायची." मामाने तुटलेला पक्षी उचलला, उजेडात धरला आणि त्याचा आवाज उतरला. "अरे देवा. हा तर..."

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. आईचा आवाज आला, "हो, मीच." मग बराच वेळ काही नाही. मग, "अच्छा." मग पुन्हा काही नाही. मग पावलं, एक नीट आणि एक जरा ओढलेलं, आणि त्या खोलीचं दार आईने उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा उघडलं.

"सभागृहातून फोन होता," ती म्हणाली. "संध्याकाळी झाड उभं करतायत. माझी तब्येत उत्तम आहे म्हणे. कामाला लागले हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं."

घाईबाईने चमकीने माखलेले हात पाठीमागे नेले.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग तेच उत्तर होतं. माझ्या नावावर खोटं बोललीस. उद्या लोक दारात येतील, ही पाटी करा, ती पाटी करा. त्यांना काय दाखवू? हा?" आईने उजवा हात पुढे केला. तो हवेत थरथरत राहिला. "बघून घे नीट. याला लपवायला मी ती खुर्ची धरलीये आणि तू गावभर सांगत सुटलीस."

"ताई, पोरगी आहे," मामा पुटपुटला.

"तू खोकी भर."

मामा भिंतीकडे गेला. एका खिळ्यावरच्या बरगड्या त्याने उतरवल्या आणि खोक्यात ठेवल्या. मग दुसऱ्या खिळ्यावरचा गुडघा. त्या फिल्मचा खडखडाट ऐकून घाईबाईचं तोंड सुटलं ते सुटलंच.

"भर, भर सगळं," ती म्हणाली. "तिला पण भर एका खोक्यात. नाहीतरी ती त्याच तयारीत आहे. खोली रिकामी झाली की खुर्चीतच बसणार, मी शाळेतून आले की खुर्चीत, सकाळी उठले की खुर्चीत. मी काय सांगायचं लोकांना? माझी आई संपली म्हणून? संपलेली नाहीये. तिथे बसलीये." बोलता बोलता तिचं नाक वाहायला लागलं, तिने ते बाहीला पुसलं आणि नाकही झगमगलं. "आणि तुझा पक्षी मी मोडला. तेही करून ठेवलं. आता बोल."

आई टेबलापाशी आली. मामाने ठेवलेला पक्षी तिने डाव्या हाताने उचलला. मग वळकटी झालेलं डोकं बघितलं, मग तारा, मग घंटा, मग ती पुस्तकं. भूगोलाच्या कडेला गम लागून तो टेबलाला चिकटला होता. तिने अंगठ्याच्या नखाने गम खरवडला.

"हे वाळू कुणी दिलं?"

"मी."

"किती?"

"रात्रभर. आणि काल शाळा सुटेपर्यंत."

"मधे उचलून बघितलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"तूच म्हणतेस ना. वाळू दे, वाळू दे."

आईने पक्षी खाली ठेवला आणि तोंडावर हात घेतला, तोच थरथरता. खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय हे घाईबाईला कळेना, मामालाही कळेना, आणि बहुतेक आईलाही ठरवता येत नसावं.

"अगं बाई," ती शेवटी म्हणाली, "वाळू द्यायचा तो रंग. चमकीचा गम ओला असतानाच फिल्म उचलायची. लगेच. श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. एवढ्या वर्षांत तुझ्यासारखीने करावं असं माझ्याकडे एकच काम होतं, आणि त्यात तू धीर धरलास."

मामा खोक्यात तोंड घालून खोकत राहिला.

आई लगेच विरघळली असं नाही. ती स्टुलावर बसली, पण राग गेला नव्हता. "शब्द दिलायस तो पाळायला हवा," एवढंच म्हणाली. मामाला सांगून त्या दोन स्टेन्सिली खोक्यातून परत काढायला लावल्या आणि सगळ्या कडांवरचा गम पुसून घ्यायला लावला. मग घाईबाईने नवी चकती घेतली, तारा ठेवला, स्पंज फिरवला. आईने चमकीची डबी हातात घेतली. डबी उडाली, तारा सोडून सगळीकडे चमकी सांडली, आईच्या मांडीवर, मामाच्या बुटांवर. आईने डबी ठेवली, हात मांडीखाली दाबला आणि ती भिंतीकडे बघायला लागली. घाईबाईला वाटलं, आता उठणार, आता खुर्चीकडे जाणार.

घाईबाईने ओट्यावरचा मोठा ट्रे आणला आणि चकतीखाली सरकवला. "सांडू दे," ती म्हणाली. "परत भरू डबीत."

आईने हात मांडीखालून बाहेर काढला आणि डबी उचलली.

"उचल," चमकी पडता पडता आई म्हणाली. घाईबाईने उचललं. निळ्यावर चंदेरी तारा, कडा सुरीने कापल्यासारख्या. "ठेव. पुढची. उचल. अगं उचल, बघत काय बसलीस." अर्धी चमकी ट्रेमध्ये, अर्धी चकतीवर. दुपार कलेपर्यंत मामा दोऱ्या ओवत होता, आई 'उचल' म्हणत होती, आणि मधेच थकून डोळे मिटत होती. तेवढ्या वेळात दोघं पाण्याचा घोटही आवाज न करता घ्यायचे.

शेवटी काही चकत्या कोऱ्या उरल्या. त्या पक्ष्याच्या होत्या.

"पक्ष्याशिवाय नेऊ," घाईबाई म्हणाली.

आई उठली आणि आतल्या कपाटातून एक मोठा खाकी लिफाफा घेऊन आली. त्यातून तिने फिल्म काढली. काळ्यावर करडी, एका डोक्याची आडवी कापं, शेजारी शेजारी.

"ताई," मामा म्हणाला, "ते दवाखान्याचं आहे ना? तुझंच?"

"माझंच डोकं आहे, दुसऱ्या कुणाचं देणार? डॉक्टरांकडे दुसरी आहे. मी रोज काढून बघायचे, कुठे काय बिघडलं म्हणून. मला तर काही दिसलं नाही." तिने फिल्म टेबलावर पसरली आणि पांढरी खडूपेन्सिल उजव्या हातात धरली. डाव्या हाताने मनगट दाबलं. तरीही रेघ हलली. मान हलत गेली, पंख हलत गेला, एकेक पीस दातेरी झालं. घाईबाई बघवत नसूनही बघत होती.

आईने पेन्सिल ठेवली. "काप. तुला कापता येईल. पूल मी सांगते कुठे ठेवायचे."

घाईबाईने कटर उचलला. पातं पहिल्या वळणावर ठेवलं आणि थांबली. "रेघ हललीये जरा. मी सरळ करत जाऊ?"

आईने त्या रेघेकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "आहे तशीच काप."

पक्षी झाला तो पहिल्यासारखा अजिबात नव्हता. सगळी पिसं विस्कटलेली, अंग फुगवून बसलेला. मामाने चकती उजेडात धरली. "गारठलाय बिचारा."

"थंडी आहे," आई म्हणाली.

संध्याकाळी मामाच्या खोक्यांत कागद अंथरून चकत्या भरल्या. आई यायला तयार नव्हती. "झाड काय पळून जात नाही. बघू नंतर," एवढ्यावर ती अडली आणि घाईबाईने पुढे ताणलं नाही. भिंतीवरच्या उरलेल्या सामानाकडे बोट करून मामाने विचारलं, "आणि हे?"

"पुढच्या शनिवारी बघू."

"म्हणजे मला परत चक्कर."

"मग? बस तुझीच आहे ना?"

मामा खोकी घेऊन खाली गेला. घाईबाई कोट चढवत मागच्या खोलीच्या दारात आली. आई नवी फिल्म घेऊन मधल्या रिकाम्या खिळ्यासमोर उभी होती. फिल्मच्या कोपऱ्यात एक छोटं भोक होतं, ते तिला खिळ्यात अडकवायचं होतं. हात वर गेला, थरथरला, खिळा चुकला. परत चुकला. फिल्म भिंतीवर फडफडली, जशी काही उडायच्या बेतात.

खाली मामाने हॉर्न वाजवला.

घाईबाईचा हात पुढे झालाच होता. एका झटक्यात टांगून ती जिना उतरली असती. तिने तो मागे घेतला, दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि दाराला टेकून उभी राहिली. आईने खांदा सैल केला आणि पुन्हा हात वर नेला.

मामाने परत हॉर्न वाजवला, या वेळी लांबलचक.

"येते रे," घाईबाई तिथूनच म्हणाली, आणि हलली नाही.